फडाची तारीख आणि लोखंडाची तयारी

पॉवरलिफ्टिंगच्या पहिल्या स्पर्धेत उतरायचे ठरले की नवखा खेळाडू आधी वजनाचा विचार करतो. स्क्वॉट किती मारायचा, बेंच प्रेस किती, डेडलिफ्ट किती. खरे तर आधी तारीख पाहायला हवी. स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजत आले की हाती किती आठवडे आहेत ते कळते, आणि त्या आठवड्यांची वाटणी हाच सगळ्या तयारीचा गाभा असतो. ही मागे मोजण्याची रीत परदेशी पुस्तकांतून आणि मोबाइलवरच्या तक्त्यांतून आपल्याकडे आली, असे सर्रास समजले जाते. मला ते पटत नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले हसनाबाद घ्या किंवा मराठवाड्यातले दुसरे एखादे गाव घ्या, तारीख डोळ्यांपुढे ठेवून अंग घडवणे या मुलखाला नवे नाही. ती रीत जत्रेच्या फडाने घडवली आणि वस्तादांनी सांभाळली. लोखंडाच्या खेळात पहिल्यांदा उतरणाऱ्याला ती आजही उपयोगी आहे. मात्र तालमीतले सगळेच जसेच्या तसे उचलावे असे नाही. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे या रीतीचा इतिहास नीट पाहिला तरच ठरवता येते.

गावोगावच्या जत्रा आणि उरूस ठरलेल्या दिवशीच येतात. पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला येते, अंगारकी चतुर्थीला भोकरदन तालुक्यातल्याच राजूरच्या गणपतीला गर्दी लोटते. पंचांग उघडले की पुढच्या वर्षभराच्या तारखा हाताशी. जत्रेत कुस्त्यांचा फड लागणार असेल, तर त्याची तारीख पैलवानाला वर्षभर आधी माहीत असे. शिवाय फड उघड्या रानात किंवा नदीच्या वाळवंटात लागतो, त्यामुळे पावसाने हंगामाला आपोआप कुंपण घातले. नागपंचमीच्या कुस्त्या सोडल्या तर पावसाळ्यात मोठे फड क्वचितच लागत. दिवाळीनंतर हंगामाला रंग चढे आणि चैत्र-वैशाखात तो भरात येई. म्हणजे पैलवानाचे वर्ष दोन भागांत वाटले गेले: अंग घडवायचे महिने आणि लढायचे महिने. तालमीच्या हौद्यातही ही वाटणी दिसते. पडून राहिलेली माती फावड्याने खणायची, ढेकळे फोडायची, चाळायची, मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर आणि काव घालून ती पुन्हा मऊ करायची. हे काम पैलवान स्वतः करत, आणि खणण्याचे कष्टही मेहनतीतच मोजले जात. खांदा, कंबर आणि पंजा लोखंडाला हात न लावता तयार होत होते.

हे सगळे केवळ पावसामुळे घडले, त्यामागे काही विचार नव्हता, असे कोणी म्हणेल. जुने ग्रंथ वेगळे सांगतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या ओघात व्यायामाचा नियम येतो: ज्याच्या अंगात बळ आहे आणि जो स्निग्ध आहार घेतो, त्याने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही हलका. या नियमात दोन गोष्टी आहेत. मेहनतीचे माप ऋतूनुसार बदलते, ही पहिली. बलवानानेही रोज पूर्ण ताकद पणाला लावायची नाही, ही दुसरी. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतले मल्लपुराण व्यायामाचे प्रकार वेगळे करते, मल्लांच्या प्रती ठरवते आणि कोणत्या ऋतूत मल्लाने काय खावे हेही सांगते. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातला मानसोल्लास आपल्याला आणखी जवळचा, कारण आजचा मराठवाडा त्या राज्याचाच भाग होता. त्यातल्या मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांच्या प्रती आहेत, त्यांचा आहार आहे आणि भारश्रम, स्तंभश्रम, सलिलश्रम अशी मेहनतीची वेगवेगळी नावे आहेत. भारश्रम म्हणजे वजन उचलणे. राजापुढे लढणाऱ्या मल्लाची तयारी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी अशी प्रकारवार मांडली गेली, आणि तिच्यात वजन उचलण्याला स्वतंत्र जागा होती.

ग्रंथ राजदरबारात लिहिले गेले, पण मराठवाड्यात ही रीत दरबाराने टिकवलेली नाही. कोल्हापूरला शाहू महाराज लाभले. त्यांनी पैलवानांना आश्रय दिला, खासबागचे मैदान बांधले, ते १९१२ साली पुरे झाले. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. हसनाबादचा मुलूख मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी गावातल्या तालमीला इथे खासबागेसारखा राजाश्रय नव्हता. तिला आधार होता तो मारुतीच्या देवळाचा, गावच्या वर्गणीचा आणि जत्रेच्या इनामाचा. जालना जिल्ह्यातल्याच जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी टाकळीला रोज बाराशे सूर्यनमस्कार घातल्याची परंपरागत कथा आणि त्यांनी ठिकठिकाणी स्थापलेले मारुती, यांमुळे बलोपासना गावाच्या श्रद्धेतच मिसळून गेली होती. राजाश्रय नसल्यामुळेच इथे जत्रेच्या तारखेचे वजन अधिक, असे माझे मत आहे. पगारी पैलवानाला राजाची मर्जी सांभाळावी लागते. वर्गणीवरच्या पैलवानाला मात्र गावाने ठरवलेल्या दिवशी, सगळ्या गावासमोर उतरावे लागते, आणि तो दिवस पुढे ढकलता येत नाही.

फडाने दुसरी एक गोष्ट शिकवली, ती पहिल्या स्पर्धेसाठी सर्वांत मोलाची आहे. फडाची सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होते. नारळ, रेवड्या, थोडे पैसे एवढ्यावर त्या लागतात. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटची कुस्ती सर्वांत मोठी असते. नव्या पठ्ठ्याला कोणाशी जोडायचे हे वस्ताद पंचांच्या साथीने ठरवतात. उंची, वजन, अंगातली रग, आधीच्या कुस्त्या हे सगळे नजरेने तोलून जोड लावली जाते. शहाणा वस्ताद पहिल्याच फडात पोराला त्याच्या ताकदीबाहेरच्या गड्यासमोर उभा करत नाही. हलगी कडाडत असताना, हजारो डोळे रोखलेले असताना त्याला आपले डाव आठवावेत, अंग मोकळे राहावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावेसे वाटावे, हा पहिल्या कुस्तीचा हेतू असतो. पॉवरलिफ्टिंगच्या मंचावर हीच निवड आकड्यांत करावी लागते. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात, एकूण नऊ. एखाद्या प्रकारातले तिन्ही प्रयत्न फसले की खेळाडूची एकूण बेरीजच उरत नाही, तो स्पर्धेतून बाद. म्हणून पहिला प्रयत्न असा निवडायचा की ते वजन सरावात तीनदा सहज उठत असावे. ज्याचा स्क्वॉट १४० किलोपर्यंत पोचला आहे, त्याने पहिल्या प्रयत्नात १२७.५ मागावेत, दुसऱ्यात १३५, आणि दोन्ही नीट गेले तर तिसऱ्यात १४० किंवा १४२.५. चढत्या इनामाच्या कुस्त्यांमागे जो हिशेब आहे, तोच या तीन आकड्यांमागे आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. प्रशिक्षणाचे टप्पे पाडण्याचे शास्त्र सोव्हिएत संघात घडले, १९६० च्या दशकात लेव मात्वेयेव यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. त्याआधी अमेरिकेत डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे स्नायू टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या वजनांनी पुन्हा बळकट करून दाखवले होते. मग तालमीला श्रेय कशाला? आक्षेपात तथ्य आहे. कोणत्या आठवड्यात कमाल वजनाच्या किती टक्के उचलायचे, हे आपल्या कोणत्याही जुन्या ग्रंथात नाही, आणि तसे सांगणे म्हणजे इतिहासाशी खोटेपणा. मात्र मात्वेयेव यांच्या मांडणीचा पाया साधा आहे: स्पर्धेची तारीख स्थिर, त्याआधी भरपूर मेहनतीचा काळ, मग स्पर्धेसारख्या तीव्र सरावाचा काळ, आणि नंतर विसावा. हा पाया पंचांग, पाऊस आणि फड यांनी इथे घालून दिला होता. शास्त्राने त्यात मोजमाप आणले. मोजमाप उसने घ्यायला काहीच हरकत नाही. पण पायाही उसना मानला, तर आपल्या गावातल्या जाणत्या माणसाला विचारण्यासारखे काही आहे हेच पोरे विसरतात. तालमीत आयुष्य काढलेला म्हातारा वस्ताद दारात बसलेला असतो आणि पोरगा अनोळखी माणसाच्या व्हिडिओतून तयारी शिकतो. हे नुकसान मला मोठे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. कुस्ती आणि पॉवरलिफ्टिंग यांची जातकुळीच वेगळी. कुस्तीला दम लागतो, चपळाई लागते, समोर जिवंत प्रतिस्पर्धी असतो. इथे एकदाच, काही सेकंदांत, सगळी ताकद लावायची असते. हे मान्यच करायला हवे, आणि म्हणूनच पॉवरलिफ्टिंगची तयारी जोर-बैठकांवर भागत नाही. पण तयारी नेमक्या कशाची करायची, हा धडाही कुस्तीच्याच इतिहासात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती. तरी ते फ्लायवेट गटात सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली ती डोळ्यांपुढे ऑलिंपिक ठेवून, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ताकद त्यांच्यात आधीही होती. १९४८ साली कमी पडला तो त्या आखाड्याचा सराव. आज महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी औरंगाबादला झाली आणि २०१८ साली जालन्यात बाला रफिक शेख विजयी झाले, म्हणजे या दोन्ही स्पर्धा मराठवाड्यानेच पाहिल्या आहेत. ज्या जमिनीवर लढायचे तिचा सराव आधी करावा लागतो, हे कुस्तीला किंमत मोजून कळले.

पॉवरलिफ्टिंगची ‘जमीन’ म्हणजे तिचे नियम. हा खेळ वयाने लहान आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ साली स्थापन झाली. पंचांच्या आज्ञा हा त्यातला नवख्याला हमखास अडवणारा भाग. स्क्वॉटमध्ये ‘स्क्वॉट’ म्हटल्याशिवाय बसायचे नाही आणि ‘रॅक’ म्हटल्याशिवाय बार ठेवायचा नाही. बसताना मांडीचा सांधा गुडघ्याच्या माथ्याखाली जायलाच हवा. बेंच प्रेसमध्ये बार छातीवर स्थिर झाल्यावर ‘प्रेस’ येते, तोवर थांबायचे. डेडलिफ्टमध्ये ताठ उभे राहून ‘डाउन’ची वाट पाहायची, मगच बार खाली. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच प्रयत्न यशस्वी. गावच्या जिममध्ये वर्षभर उचललेले वजन यातल्या एका चुकीने मातीमोल होते. म्हणून शेवटच्या महिन्यातला प्रत्येक जड सराव कोणाला तरी समोर उभे करून, आज्ञा द्यायला लावून करावा. हे काम हसनाबादमध्येही फुकट होते, त्याला शहर लागत नाही.

आता वाटणी. स्पर्धेला बारा आठवडे आहेत असे धरू. पहिले पाच आठवडे अंग घडवण्याचे: कमाल वजनाच्या ६५ ते ७५ टक्के, पाच-सहा रेपचे चार-पाच सेट, तिन्ही प्रकार आठवड्यातून निदान एकदा, स्क्वॉट आणि बेंच शक्यतो दोनदा. पुढचे चार आठवडे ७५ ते ८५ टक्के, तीन-चार रेप, एकूण काम थोडे कमी. दहावा आणि अकरावा आठवडा स्पर्धेसारखा: ८५ ते ९२ टक्क्यांचे एकेक-दोनदोन रेप, आज्ञांसह. शेवटची जड डेडलिफ्ट स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी उरकायची, कारण पाठीला तिचा शीण जास्त काळ राहतो. बाराव्या आठवड्यात काम निम्म्यावर आणायचे; अंग विसरू नये एवढेच हलके सेट, आणि झोप. वाग्भटाची अर्धी शक्ती इथे पुन्हा भेटते. या साऱ्या चक्रात पूर्ण ताकद एकाच दिवशी लावायची आहे, तो दिवस स्पर्धेचा. दर आठवड्याला ‘मॅक्स’ काढून पाहण्याची जी खोड जिममध्ये दिसते, तिने पोरे जत्रेआधीच थकतात. वजनगटाचेही तसेच. पहिल्या स्पर्धेसाठी पाणी तोडून, उपाशी राहून खालच्या गटात शिरू नये. ७० किलोच्या मुलाने ७४ च्या गटात पोटभर जेवून उतरावे.

शेतकरी घरातल्या खेळाडूने आणखी एक हिशेब मांडायला हवा, तो कोणत्याही परदेशी तक्त्यात नसतो. जून-जुलैत पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी, मग तूर. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्याची किंवा पोती ट्रॅक्टरवर चढवणाऱ्याची कंबर संध्याकाळी डेडलिफ्टसाठी ताजी नसते. ते कामही भारश्रमच आहे. म्हणून काढणीच्या आठवड्यांत जिमचे काम कापावे, आणि शक्य असेल तर जड टप्पा शेतीच्या उसंतीत बसेल अशी स्पर्धा निवडावी. जुन्या तालमींनी ऋतू पाहून मेहनत ठरवली, त्याचे आजचे रूप हेच.

आता सोडून द्यायचे ते. हजार बैठका, पाचशे जोर हे आकडे तालमीत मोठेपणाचे निदर्शक झाले. कुस्तीच्या दमाला त्यांचा उपयोग असेल, एका जड प्रयत्नाच्या खेळात त्यांचा भार नडतो. दुसरे, वहीचा अभाव. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे खंड मराठीत काढले, म्हणजे व्यायामाची विद्या आपण लिहून ठेवली. पण आज या पठ्ठ्याने काय केले, काल काय केले, याची नोंद वस्तादांच्या डोक्यातच राहिली. वस्ताद गेले की ती गेली. लोखंडाच्या खेळात अडीच किलोचा फरकही मोजता येतो, तिथे न लिहिणे हा आळस आहे. तिसरी गोष्ट सर्वांत जड. तालमीचे दार मुलींना बंद होते. श्रद्धा, ब्रह्मचर्य, परंपरा अशी अनेक कारणे दिली गेली, पण निम्मे गाव बाहेर उभे राहिले हे खरे. पॉवरलिफ्टिंगमध्ये मुलींसाठी स्वतंत्र वजनगट आहेत, आणि वर सांगितलेली वाटणी त्यांना तशीच्या तशी लागू पडते. तालमीचा वारसा सांगायचा तर हे दार उघडूनच सांगायला हवा.

शेवटचा आक्षेप अनुभवी प्रशिक्षकांचा असतो: नवख्याला चक्रबिक्र लागत नाही, तो दर आठवड्याला थोडे वजन वाढवत गेला तरी ताकद वाढते. ताकदीपुरते ते बरोबर आहे. पहिल्या वर्षी साध्या वाढीनेही अंग प्रतिसाद देते. पण स्पर्धा ही ताकदीची गोष्ट जेवढी, तेवढीच ठरलेल्या दिवशी, अनोळखी मंचावर, पंचांच्या नजरेखाली ती ताकद दाखवण्याची आहे. वजनमाप दोन तास आधी सुरू होते, रॅकची उंची आधी सांगावी लागते, नाव पुकारल्यावर एका मिनिटात प्रयत्न सुरू करावा लागतो, आणि तो संपल्यावर पुढचे वजन मिनिटाभरात कळवावे लागते. हे सगळे नवख्यालाच अधिक अंगावर येते, म्हणून आखणीची गरजही त्यालाच अधिक. वस्तादांनी नारळाच्या कुस्तीलाही तयारी लावली ती याच कारणाने.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि जिल्हा संघटनांच्या निवड स्पर्धा ही ग्रामीण मुलामुलींसाठी पहिल्या मंचाची सोपी वाट आहे. गावांनी आणि महाविद्यालयांनी एवढे करावे: वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा जाहीर कराव्यात. जत्रेचे बळ तिच्या ठरलेल्या दिवसात होते. तारीख पंधरा दिवस आधी कळली तर उत्तम आखणीही निरुपयोगी होते आणि घाईत जड वजन मारून पोरे पाठ दुखवून घेतात. खेळाडूने वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहावी, खाली बारा आठवडे मागे मोजावेत, आणि ते पान गावातल्या जुन्या वस्तादाला दाखवावे. टक्केवारी त्यांना कळेलच असे नाही. पण पोरगा थकला आहे का, घाई करतो आहे का, पहिल्याच फडात कोणाशी जोड मागतो आहे, हे त्यांना अचूक दिसते, आणि पहिल्या स्पर्धेत बहुतेक खेळाडू चुकतात ते नेमके याच ठिकाणी.